मागच्या डाव्या सीटचा पट्टा

गाडी बघायला जायचं होतं, एवढंच काम होतं.

माझी मुलगी चिहारु घाटापलीकडच्या इस्पितळात नर्स आहे. नवऱ्यापासून वेगळी राहते. रोज सकाळी चार वर्षांच्या कोतोहाला बालवाडीत सोडायचं आणि तसंच पुढे कामावर जायचं, असा तिचा दिवस. त्या हिवाळ्यात तिची जुनी छोटी गाडी सरकारी तपासणीत नापास झाली. आमच्या खोऱ्यात बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक. गाडी नाही तर नोकरी नाही, इतका सरळ हिशेब. हमरस्त्यावर उरानोचं वापरलेल्या गाड्यांचं दुकान आहे, तिथे तिने पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी एक हायब्रिड हेरून ठेवली होती. पेट्रोल कमी पिते, दिसायला नव्यासारखी आणि किंमत परवडणारी.

"बाबा, अर्ध्या जिल्ह्यातल्या गाडीवाल्यांशी तुम्ही भांडून ठेवलंय," ती फोनवर म्हणाली. "आता त्या भांडणाचा लेकीला काही उपयोग होऊ द्या. गाडी नीट बघा. कोतोहा रोज बसणार आहे तिच्यात."

ती म्हणाली ते खरं होतं. मिनोसे नदीला पूर आला त्या वर्षी शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी पुढे चिखल धुऊन, सुगंध फवारून, नव्यासारख्या होऊन दूरच्या लिलावांत उभ्या राहिल्या आणि साध्यासुध्या माणसांच्या गळ्यात पडल्या. मी वर्तमानपत्रात त्यावर लेखमाला लिहिली. नावानिशी लिहिली. दोन दुकानं बंद पडली. ज्या अधिकाऱ्यांनी डोळे मिटून शिक्के मारले, त्यांच्या बदल्या झाल्या त्या बढतीवर. हे आठवलं की संताप येतो, असं म्हणायची मला सवय आहे. पण खरं सांगतो, पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी मी शिमोबुची वस्तीतून चालत गेलो होतो, आणि तेव्हापासून माझ्या आत काहीतरी बधिर झालंय. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ असतो ना, तसं. आपलाच असतो, पण बोटाने दाबला तरी कळत नाही. भांडतो मी अजूनही. नुसतं तोंड भांडतं.

उरानोकडे निघालो तेव्हा दुपार कलली होती आणि नदीवरून धुकं वर चढत होतं. दुकानाआधीच्या वळणावर पोहोचल्यावरच मी त्याला फोन केला. मुद्दाम. हायब्रिडचं इंजिन थकलं असेल तर थंडीत पहिल्यांदा सुरू होताना ती थरथरते, म्हणून लबाड विक्रेता गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवतो. मी पोहोचलो तो थेट गाडीकडे गेलो आणि बॉनेटवर हात ठेवला. बर्फासारखं गार.

"शिंगूसाहेब," पाठीमागून आवाज आला. "माणसांना नमस्कार करायची पद्धत आहे आपल्याकडे. आधी गाडीची नाडी बघता?"

उरानो साठीचा, ठेंगणा, अंगात दुकानाचं निळं जाकीट. दाराशी उभा राहून तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"माणसं खोटं बोलतात," मी म्हणालो. "बॉनेट बोलत नाही."

"तुमच्या लेखांनंतर माझ्या धाकट्या भावाचं दुकान बसलं, माहीत आहे ना?"

"तुमच्या भावाने गाळ उपसून गाड्या विकल्या. बसलं ते उशिरा बसलं."

मग त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बघा. हवी तिथे खरवडा. ही बुडालेली नाही. बुडालेली निघाली तर फुकट घेऊन जा, आणि वर लेखही लिहा."

मी खरवडली. बटण दाबलं; इंजिन जागं झालं, थरथर नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी पाहिली, ब्रेकच्या पंपाचा आवाज ऐकला. उरानोने स्वतःच यंत्र लावून बॅटरीचा एकेक कप्पा दाखवला. सगळे सारखे, एकही दमलेला नाही. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून बॅटरी थंड करणारा पंखा हवा ओढतो. ती धुळीने, कुत्र्याच्या केसांनी तुंबली की बॅटरी तापते आणि मरते. हायब्रिडचं हे जुनं दुखणं आहे. जाळी काढली. स्वच्छ. गालिचा उचलला, सीटखालचे बोल्ट पाहिले, दारांची रबरं सोलली. गंज नाही, गाळाचा कण नाही. वास घेतला. वासही नाही. वापरलेल्या गाडीला कुणाच्या तरी घरचा वास असतोच. हिला कसलाच नव्हता.

शेवटी पट्टे. बुडालेली गाडी पकडायची ही खात्रीची जागा. धुणारे सगळं धुतात, पण पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून कुणी धूत नाही. आतल्या गुंडाळीत पाण्याची रेघ राहते.

पुढचे दोन ओढले. कोरे. मागचा उजवा आणि मधला, तेही कोरे. मागचा डावा ओढायला गेलो तर तो लावलेला होता. रिकाम्या सीटवरून आडवा, खटक्यात अडकवलेला.

"हा का लावलाय?"

"धुणारी पोरं लावत असतील. लोंबू नये म्हणून," उरानो म्हणाला.

"मग एकच का?"

त्याने खांदे उडवले. मी खटका दाबला, पट्टा पूर्ण बाहेर ओढला. हाही कोरा. सोडला. तो सरसरत मागे गेला... आणि अर्ध्यात थांबला. लहान मुलाच्या अंगावर बसेल इतका पट्टा बाहेर राहिला. मी हिसका दिला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच.

"स्प्रिंग गेली आहे," मी म्हणालो. "किंमत उतरवा."

"उतरवतो," उरानो इतक्या लवकर म्हणाला की मी त्याच्याकडे पाहिलं. तो सीटकडे बघत नव्हता.

चालवून बघायचं ठरलं. मी स्टिअरिंगशी, उरानो शेजारी. रस्ता दाखवणाऱ्या पडद्याची जुनी माहिती विक्रेत्याने पुसायची असते. बहुतेक जण विसरतात. मी लेखमाला लिहिताना गाड्यांचे खरे मालक असेच शोधले होते: 'घर' हे बटण दाबायचं आणि गाडी नेईल तिकडे जायचं. मी बटण दाबलं. पडदा क्षणभर विचारात पडला आणि नदीच्या दिशेने निळी रेघ उमटली.

"पुसायचं राहिलं," उरानो पुटपुटला. "साहेब, दुसरीकडून चक्कर मारू."

"का? बुडालेली नाही ना?"

तो खिडकीबाहेर बघू लागला.

सावकाश चालवली की हायब्रिडचं इंजिन बंद असतं. गाडी नुसती सरकते. धुक्यात दोन्ही बाजूंची भातखाचरं दिसेनाशी झाली होती. काचेवर बारीक पाणी, चाकांखाली ओल्या रस्त्याची कुजबुज, बाकी काही नाही. एरवी इंजिनाच्या आवाजात जे कधीच ऐकू येत नाही ते सगळं ऐकू येत होतं. उरानोचा श्वास. माझ्या कोटाची बाही. आणि मग, अगदी आमच्या पाठीशी...

खट्.

समोर वेग दाखवणाऱ्या काट्याशेजारी मागच्या तीन सीटांची तीन चित्रं असतात. पट्टा लावला की त्या सीटचं चित्र हिरवं होतं. डावं चित्र हिरवं झालं होतं.

"तुम्ही हात मागे नेलात?" मी विचारलं.

"नाही हो..."

मी आरशात पाहिलं. सीट रिकामी. पट्टा आडवा, ताठ.

"वायरिंग," मी म्हणालो.

"असेल," उरानो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "असेलच. पण साहेब, जरा... हळू घ्या वळणं."

तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. नाही वाटली. मला नुसतं लक्षात आलं की मी खरोखरच वळणं हळू घेतोय.

निळी रेघ शिमोबुचीत शिरली. मी तिथे पूर ओसरल्यावर गेलो होतो, त्यानंतर प्रथमच. सरकारने वस्ती हलवली. नुकसानभरपाईचे अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर सडतायत, पण गवत मात्र वेळेवर वाढलं आहे. गवतात घरांचे नुसते चौथरे. एका चौथऱ्यापाशी पडद्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण घरी पोहोचलात. दमला असाल."

घराच्या उंबऱ्याची दगडी पायरी तेवढी उरली होती. मी गाडी बंद केली. समोर अक्षरं उजळली: मागची सीट तपासा.

"मागचं दार आधी उघडलं असलं तरच गाडी हे दाखवते," उरानो म्हणाला. "लेकरू आत विसरू नये म्हणून. मी नाही उघडलं. तुम्ही...?"

मी तपासताना उघडलं होतं. मी तसं सांगितलं. दोघांनाही ते उत्तर पुरेसं वाटायला हवं होतं.

शेजारच्या चौथऱ्यावर एक म्हातारी मुळे उपटत होती. घर गेलं तरी परसात भाजी लावणारी माणसं असतात. ती कंबर धरून सरळ झाली आणि गाडीकडे बघून चालत आली.

"आलास होय," ती म्हणाली, आणि मग माझं तोंड बघून थांबली. "अगं बाई. तो नव्हे. गाडी मात्र तीच. आवाज न करता येणारी."

"आजी, कुणाची होती ही?"

"या घरची. त्याने विकली का शेवटी? बरं केलं." तिने मुळ्यांची माती झटकली. "पुराच्या दिवशी तो गाडी घेऊन कामावर होता, वर डोंगरावरच्या कारखान्यात. बायको आधीच गेलेली. पोरगी आजीजवळ, इथे. तिला सांगून गेला होता, मी आलो की गाडीतून जाऊ, तोवर बाहेर पडू नकोस. शहाणी पोर. नाही पडली बाहेर."

उरानोने टोपी काढली.

मी इतकी वर्षं बुडालेल्या गाड्या शोधत होतो. ही बुडालेली नव्हती. ही वेळेवर पोहोचलेली नव्हती.

"नंतर तो रोज यायचा," म्हातारी म्हणाली. "इथेच लावायचा गाडी. मागचं दार उघडायचा, उभा राहायचा. मग पट्टा लावून, दार लोटून निघून जायचा. एकदा मी विचारलं, बाबा, काय करतोस? तर म्हणाला, ती बसलीय आत, पण उतरत नाही. दाराशी आली की ती 'मी आले' म्हणते. आतून कुणी 'ये' म्हटल्याशिवाय ती घरात शिरायची नाही. आता आतून म्हणणारं कोण उरलंय?"

"मग तुम्ही म्हणायचं होतं," उरानो हळूच म्हणाला.

"म्हटलं की. शेजारणीच्या हाकेला कशी येईल? घर म्हणजे घर असतं, बाबा."

मी गाडीतून उतरलो, मागचं डावं दार उघडलं. पट्टा लावलेला होता. मी वाकून खटका दाबला. पट्टा सुटला, अर्ध्यापर्यंत गेला, थांबला. आम्ही तिघं धुक्यात उभे होतो. नदीचा आवाज येत होता, पंखा लागल्यासारखा बॅटरीच्या जाळीतून बारीक श्वास चालू होता. बंद गाडीत कधी कधी तो पंखा चालू राहतो, बॅटरी निवेपर्यंत.

मग पट्टा सरकला. कुणी न हिसकता, सावकाश, सरसरत, पूर्ण आत गेला.

पंखा थांबला.

"उतरली..." उरानो पुटपुटला आणि कमरेत वाकला.

"ओल धरलेली स्प्रिंग आहे," मी म्हणालो.

"पट्टा लावा परत," म्हातारी एकदम म्हणाली. "तो लावायचा. घर नाहीये इथे, ती पुन्हा यायची बसायला. लावून ठेवा तिच्यासाठी. नाहीतर जाईल कुठेही, कुणाच्याही मागे."

रिकाम्या सीटला पट्टा लावणारा माणूस मी नव्हे. मी दार लावलं.

परतताना डावं चित्र विझलेलंच राहिलं. उरानो जवळजवळ आनंदात होता. दुकानापाशी त्याने मला यंत्रातून काढलेला, डबाबंद गरम चहा दिला. "घ्या लेकीसाठी. इतकी निरोगी गाडी वर्षातून एखादी येते. आता तर तोही प्रश्न मिटला." मी उद्या कळवतो म्हणालो. माझी खटारा गाडी काढली, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला येऊन वाकून उभा राहिला, आमच्याकडचे दुकानदार गिऱ्हाइकाला निरोप देताना राहतात तसा. आरशात मी बघितलं, तो एकदा वाकला. सरळ झाला. माझ्या गाडीकडे नीट पाहिलं आणि पुन्हा, आणखी खाली वाकला.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. चिहारु आणि कोतोहा निकाल ऐकायला येऊन थांबल्या होत्या. स्वयंपाकघरातून आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो रश्शाचा वास येत होता. मी सरकतं दार उघडलं, बूट काढायला बसलो आणि जन्मभराच्या सवयीने म्हणालो, "आलो मी."

"आलात, आजोबा? या!" आतल्या खोलीतून कोतोहा ओरडली. बालवाडीत त्यांना शिकवतात: दाराशी कुणीही 'आलो' म्हटलं की आतून 'ये' म्हणायचंच, मोठ्या आवाजात. शिंकेसारखं होऊन जातं ते, विचार न करता.

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होतो.

"आलीस?" आतून पुन्हा कोतोहाचा आवाज आला. तितकाच मोठा, तितकाच आनंदी. "ये!"

माझे हात नाडीवर थांबले. दार मी अजून लावलेलं नव्हतं. बाहेर धुकं होतं.

"बाबा, कुणाला आणलंय?" चिहारुने हात पुसत डोकावलं. "अहो, दार लावा की. थंडी शिरते घरात."

मी दार लावलं.

जेवताना मी सांगितलं, गाडी घेऊ नकोस.

"का? बॅटरी?"

"बॅटरी उत्तम आहे."

"बुडालेली?"

"नाही."

"मग?" तिने वाटी खाली ठेवली. "पुराव्याशिवाय एक ओळ न छापणारे तुम्ही. मला सोमवारी कामावर जायचंय, बाबा. आणि तुम्ही नुसतं घेऊ नकोस म्हणता?"

"घेऊ नकोस."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा चेहरा बघून वाटतं तुम्हाला काहीच वाटत नाहीये. आणि तरी घाबरायला होतं." तिने ती गाडी घेतली नाही.

तिच्यासाठी मी दुसरी शोधली, शेजारच्या जिल्ह्यातून. साधी पेट्रोलची, जुनी, आवाज करणारी. इंजिन, बोल्ट, रबरं, चारही पट्टे, सगळं मी स्वतः तपासलं. मागच्या सीटची चित्रं दाखवणारे दिवे तिच्यात नाहीतच. मला ते बरं वाटलं होतं.

दर रविवारी त्या दोघी माझ्याकडे येतात. कोतोहाची लहान मुलांची सीट मागे उजवीकडे बांधलेली आहे. तिला तिच्या पट्ट्यातून डावीकडे हात पोहोचत नाही, मी बसवून पाहिलंय. त्या आत गेल्या की मी गाडीचं मागचं डावं दार उघडतो. पट्टा लावलेला असतो. चिहारु म्हणते, कोतोहाचे चाळे. कोतोहा काहीच म्हणत नाही, कारण तिला कुणी विचारलेलं नाही. मी विचारणार नाही.

मी खटका दाबतो, पट्टा शेवटपर्यंत ओढतो. कोरा असतो. सोडतो. तो सरसरत जातो आणि अर्ध्यात थांबतो. पहिल्या रविवारी, जिथे थांबला तिथे मी शाईच्या पेनाने बारीक खूण केली. बातमीदाराची सवय. मग थोडा वेळ उभा राहतो, आणि पट्टा परत लावतो. नीट, पीळ न पडू देता.

आता उन्हाळा लागलाय. गेल्या रविवारी पट्टा खुणेपर्यंत गेलाच नाही. बोटभर आधी थांबला. मी पुन्हा सोडून पाहिला. पुन्हा बोटभर आधी.

त्याच आठवड्यात चिहारुने कोतोहाचा पट्टाही बोटभर सैल केला होता. या वयात मुलं भराभर वाढतात.